२१४७४८३६४७ ही मूळ संख्या: हाताने आणि संगणकाने कशी तपासावी

दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही संख्या वेगळ्या कारणाने ओळखीची असते: ३२ बिटांच्या, चिन्ह असलेल्या पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी जुन्या यंत्रणांची घड्याळे ओसंडणार आहेत, तीही याच मर्यादेमुळे. त्याचा तिच्या मूळ असण्याशी मात्र काही संबंध नाही. १६ बिटांतली तशीच कमाल संख्या ३२७६७ ही ७ × ३१ × १५१ अशी फुटते आणि ६४ बिटांतली २^६३ − १ ही ७ ने सरळ भागली जाते. ३२ बिटांच्या बाबतीत कमाल संख्या मूळ निघाली, हे नशीबच म्हणायचे.

या लेखात तिला थोडक्यात म म्हणू. म = २^३१ − १, आणि ^ या खुणेचा अर्थ घात. ही संख्या मूळ आहे हे सिद्ध कसे करायचे, तिच्यावर बाकीची गणिते झटपट कशी करायची, ती कुठे वापरायची आणि कुठे मुळीच वापरायची नाही, ते पायरीपायरीने पाहू. एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवा. मूळ संख्येला स्वतःचे अवयव नसतात, त्यामुळे तिचा स्वभाव विचारायचा तो शेजाऱ्यांना. म + १ म्हणजे २^३१, निव्वळ दोनांचा गुणाकार. म − १ चे अवयवही अगदी बारीक आहेत. पुढचे जवळजवळ सगळे या दोन शेजाऱ्यांतूनच निघते.

आधी साधने

६४ बिटांचे पूर्णांक हाताळणारी कोणतीही भाषा चालेल. म पेक्षा लहान दोन संख्यांचा गुणाकार २^६२ च्या आत राहतो, म्हणून ६४ बिट पुरतात. ३२ बिट पुरत नाहीत. पायथनमध्ये पूर्णांकांना मर्यादा नसल्याने काळजीच नाही. जावास्क्रिप्टचा साधा अंक २^५३ नंतर अचूक राहत नाही, तिथे बिगइंट घ्या. एक्सेल १५ अंकांपलीकडचे अंक शून्य करून टाकतो आणि आपले वर्ग १९ अंकी येणार आहेत, तेव्हा पुढची गणिते एक्सेलमध्ये करू नका. उत्तर चुकते, पण चूक झाल्याची खूण कुठेच दिसत नाही.

पायरी १: साधा भागाकार, आणि तो अडकतो कुठे

म चे वर्गमूळ ४६३४०.९५ च्या आसपास आहे. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले आणि कशानेच भाग गेला नाही, तर काम झाले. अशा मूळ संख्या ४७९२ आहेत. संगणकाला हे डोळ्याची पापणी लवायच्या आत जमते, पण नवशिके नेमके इथेच फसतात.

बहुतेक पुस्तकांत लूपची अट «i × i हा n पेक्षा मोठा होईपर्यंत» अशा अर्थाची असते. ३२ बिटांत n = म असताना i जेव्हा ४६३४१ होतो, तेव्हा त्याचा वर्ग २१४७४८८२८१ यायला हवा. तो मर्यादेबाहेर जातो आणि बहुतेक यंत्रांवर −२१४७४७९०१५ असा ऋण दिसतो. ऋण संख्या n पेक्षा लहानच, म्हणून लूप थांबत नाही. सी आणि सी++ मध्ये तर अशा ओसंडण्याचा परिणाम काय व्हावा हे ठरलेलेच नाही. उपाय सोपा: गुणाकाराऐवजी «i हा n ÷ i पेक्षा मोठा होईपर्यंत» अशी अट लिहा, किंवा वर्ग ६४ बिटांत करा. याच जातीची दुसरी चूक म्हणजे ३२ बिटांचा गणक घेऊन «म पर्यंत, म धरून» लूप चालवणे. गणकाला म च्या पुढे जाताच येत नाही, त्यामुळे तो लूप संपायचा मार्गच उरत नाही.

पायरी २: ऑयलरची चाळणी

४७९२ भागाकार हाताने करायचे म्हणजे महिनोन्महिन्यांचे काम. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये बर्नुली यांना पत्राने कळवले की ही संख्या मूळ आहे. त्याने भागाकार केलेच, पण भाजक आधी चाळून घेतले. ही चाळणी समजून घेण्यासारखी आहे.

समजा, क ही मूळ संख्या म ला भागते. मग २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. ३१ स्वतः मूळ असल्यामुळे २ च्या घातांच्या बाक्या बरोबर ३१ पावलांनीच पुन्हा १ वर येतात, त्याआधी नाही. फर्माच्या नियमाने २^(क−१) ची बाकीही १ असते. म्हणून क − १ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. क विषम आहे, तेव्हा ६२ नेही. म्हणजे क चे रूप ६२ × काहीतरी + १.

दुसरी चाळणी: २^३२ ची बाकी २ येते, आणि २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे क च्या बाक्यांत २ ही एका संख्येचा वर्ग ठरते. हे तेव्हाच घडते, जेव्हा क ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ राहते. दोन्ही अटी एकत्र केल्या की क साठी दोनच साचे उरतात:

२४८न + १ आणि २४८न + ६३.

४६३४० च्या आत पहिल्या साच्यात १८६ संख्या बसतात. दुसऱ्यात न = ० पासून १८७. त्यांतली ६३ ही ९ × ७ असल्याने लगेच बाद. उरल्या ३७२. त्यांतल्याही बहुतेक ३, ५, ७ अशा लहान अवयवांनी गळतात. सुरुवातीची यादी पाहा: २४९ (३ × ८३), ३११, ४९७ (७ × ७१), ५५९ (१३ × ४३), ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ (१७ × ७३), १३०३, १४८९. यांत मूळ फक्त ३११, १३०३ आणि १४८९.

या तिघांनी म ला भागून पाहा. बाक्या अनुक्रमे ३५, २२६ आणि १९९ यायला हव्यात. पडताळा घ्यायला दहा अंकी भागाकार करण्याची गरज नाही, २ चे घातच चढवत न्या. ३११ साठी: २^८ = २५६ म्हणजे −५५; २^१६ म्हणजे ३०२५, बाकी −८५; २^२४ म्हणजे ५५ × ८५ = ४६७५, बाकी १०; शेवटी २^३१ म्हणजे १० × १२८ = १२८०, बाकी ३६. त्यातून १ वजा, ३५. पुढचे सगळे भाजक याच पद्धतीने उरकता येतात.

चाळणी ठीक चालते का, हे आधी संयुक्त संख्येवर बघून घ्या. २^२३ − १ चे भाजक ४६ × काहीतरी + १ या रूपाचे असणार. पहिलाच उमेदवार ४७, आणि तो भागतो. २^२९ − १ साठी ५८ × ४ + १ = २३३ लागू पडतो. त्याआधीचे इटालियन गणितज्ञ कातालदी यांनी २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घातांक मूळ संख्या देतात असे सांगितले होते. त्यांपैकी फक्त ३१ खरा ठरला.

१८११ मध्ये पीटर बार्लो यांनी म पासून तयार होणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (जिच्या स्वतःहून लहान भाजकांची बेरीज तीच येते अशी संख्या) लिहिले की याहून मोठी कधी सापडणार नाही, कारण निव्वळ कुतूहलापोटी एवढी खटपट कोण करील? म चा «सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या» हा मान १८६७ पर्यंत टिकला. आज तो मान २^१३६२७९८४१ − १ कडे आहे. तिचे अंक ४ कोटी १० लाखांहून जास्त, आणि ती २०२४ मध्ये जाहीर झाली. खटपट करणारे निघाले.

पायरी ३: ल्युका–लेहमर चाचणी

इथे म + १ हा शेजारी कामाला येतो. २^(विषम मूळ घातांक) − १ या रूपाच्या, म्हणजे मर्सेन संख्यांसाठी भागाकाराची गरजच नाही:

४ पासून सुरुवात करा. प्रत्येक वेळी संख्येचा वर्ग करा, २ वजा करा, म ने भागून बाकी ठेवा. असे घातांक − २ वेळा करा, म्हणजे आपल्यासाठी २९ वेळा. शेवटी ० आले तर म मूळ, नाही तर संयुक्त. «बहुधा मूळ» वगैरे मोघम उत्तर नाही. दोन्ही बाजूंनी पक्का निकाल.

हे का चालते? बाक्यांमध्ये √३ ही नवी संख्या मिसळली, की २ + √३ चे घात जास्तीत जास्त म + १ पावलांनी १ वर परततात. म + १ हा २ चाच घात असल्यामुळे वर्ग करत राहणे एवढेच पुरते. पाऊलवाटेत दुसरा कुठला अवयव आडवा येत नाही.

बाकी काढण्यासाठीही भागाकार करू नका. २^३१ ची बाकी १ आहे, म्हणून संख्या ३१ बिटांवर तोडा आणि वरचा तुकडा खालच्यात मिळवा. याला घडी घालणे म्हणू. लहान उदाहरण घातांक ७, संख्या १२७ चे. इथे १२८ वर तोडायचे:

४ → १४ → १९४ = १ × १२८ + ६६, म्हणून ६७
६७ चा वर्ग वजा २ = ४४८७ = ३५ × १२८ + ७, म्हणून ४२
४२ → १७६२ = १३ × १२८ + ९८, म्हणून १११
१११ → १२३१९ = ९६ × १२८ + ३१, म्हणून १२७

पाच फेऱ्या झाल्या, आणि हाती १२७ आहे, ० नाही. म्हणजे चाचणी फसली का? नाही. घडी घालून बाकी काढताना ० आणि खुद्द भाजक ही एकाच बाकीची दोन नावे असतात. शेवटी «म आले असेल तर ०» हा एक तपास लिहायचा राहून गेला, तर प्रत्येक मर्सेन मूळ संख्या संयुक्त म्हणून बाद होईल. इथे सर्वांत जास्त प्रोग्रॅम चुकतात. दुसरी बारीक गोष्ट: वर्गाची बाकी ० किंवा १ असताना २ वजा केले, तर ऋण संख्या येते. म्हणून वजा करण्याआधी म मिळवून घ्या.

आता खरी संख्या. पहिल्या काही पायऱ्या अशा यायला हव्यात: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, ६६९६७०८३८. सहावी संख्या जुळली नाही, तर गुणाकार ओसंडला आहे असे समजा. त्याआधीच्या संख्यांना घडीची गरजच पडत नाही, म्हणून तिथवर सदोष प्रोग्रॅमही बरोबर वाटतो. २८ व्या फेरीनंतर ६५५३६ येते आणि पुढच्या फेरीत ०. हा शेवटचा टप्पा डोक्यातल्या डोक्यात तपासता येतो: ६५५३६ म्हणजे २^१६, त्याचा वर्ग २^३२, वजा २ म्हणजे २ × (२^३१ − १).

नकारार्थी निकालही एकदा पाहून ठेवा. घातांक ११, संख्या २०४७ = २३ × ८९. नवव्या फेरीनंतर १७३६ उरते, ० नाही.

फर्माची साधी चाचणी २ पायाने, म्हणजे २^(संख्या − १) ची बाकी १ येते का एवढेच पाहून, मात्र घेऊ नका. मूळ घातांकाची प्रत्येक मर्सेन संख्या, मग ती संयुक्त का असेना, त्या चाचणीत पास होते. २०४७ घ्या: २^११ ची बाकी १, आणि २०४६ ला ११ ने भाग जातो, म्हणून २^२०४६ ची बाकीही १. मिलर–रॅबिन या तिच्याच कडक रूपालाही २ या पायाने २०४७ चकवते. सर्वसाधारण उपयोगासाठी २, ३, ५, ७ हे चार पाय एकत्र घ्या. ३२१५०३१७५१ पेक्षा लहान संख्यांत ही चौकडी कधीच चुकत नाही आणि म त्याच्या आत आहे.

पायरी ४: म − १ फोडा

म − १ = २ × (२^३० − १) = २ × (२^१५ − १) × (२^१५ + १) = २ × ३२७६७ × ३२७६९.

३२७६७ आपण वर फोडलीच आहे. ३२७६९ = ९ × ११ × ३३१. सगळे मिळून:

म − १ = २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१.

सर्वांत मोठा अवयव अवघा ३३१. याचा पहिला फायदा म्हणजे अशी संख्या शोधता येते, जिचे घात घेत गेल्यावर १ पासून म − १ पर्यंतच्या सगळ्या बाक्या एकदा तरी भेटतात. तिला प्रिमिटिव्ह रूट म्हणतात. तपासणी अशी: उमेदवार ग घ्या आणि ग चा (म − १) ÷ अवयव एवढा घात काढा. घातांक सात: १०७३७४१८२३, ७१५८२७८८२, ३०६७८३३७८, १९५२२५७८६, ६९२७३६६६, १४२२१७४६, ६४८७८६६. यांपैकी एकाही ठिकाणी बाकी १ आली नाही, तर ग चालेल.

२ चालत नाही, तिचे चक्र ३१ पावलांतच संपते. सर्वांत लहान चालणारी संख्या ७. एकूण अशा संख्या ५३ कोटी ४६ लाख, म्हणजे साधारण चारात एक. त्यामुळे अंदाजाने उमेदवार घेऊन तपासत गेले तरी फार शोधावे लागत नाही.

पायरी ५: यादृच्छिक संख्यांचे यंत्र

प्रिमिटिव्ह रूटने पुन्हा पुन्हा गुणून बाकी घेत राहिले, की यादृच्छिक भासणाऱ्या संख्यांचे यंत्र तयार होते. ७^५ = १६८०७. घातांक ५ चा म − १ शी एकही सामाईक अवयव नाही, म्हणून १६८०७ हेही पूर्ण चक्र देते. ७^२ = ४९ घेतले असते तर चक्र निम्मे झाले असते, ७^३ = ३४३ घेतले असते तर एक तृतीयांश. गुणक निवडताना हा हिशेब आधी करावा.

नवी संख्या = १६८०७ × जुनी संख्या, म ने भागून उरलेली बाकी. स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये ही पद्धत किमान दर्जाची कसोटी म्हणून मांडली. पुढे ४८२७१ हा गुणक जास्त बरा मानला गेला. सी++ च्या मानक ग्रंथालयात दोन्ही आहेत.

३२ बिटांतच भागवायचे असेल तर श्रागे यांची युक्ती वापरा: म = १६८०७ × १२७७७३ + २८३६. जुन्या संख्येला १२७७७३ ने भागा. बाकीला १६८०७ ने आणि भागाकाराला २८३६ ने गुणा, पहिल्यातून दुसरा वजा करा. उत्तर ऋण आले तर म मिळवा. २८२४७५२४९ वर करून पाहा: भागाकार २२१०, बाकी ९६९१९; १६२८९१७६३३ − ६२६७५६० = १६२२६५००७३.

१ पासून सुरुवात केली तर क्रम १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असा चालतो आणि दहा हजारावी संख्या १०४३६१८०६५ येते. ती जुळली की यंत्र नीट बसले असे समजा. सुरुवातीची संख्या ० किंवा म देऊ नका, पुढे सगळी शून्येच येतील. या यंत्रातून ० कधीच बाहेर पडत नाही. तुमच्या सूत्राला ० हवाच असेल तर १ वजा करून घ्या.

म ऐवजी «एकच तर फरक आहे» म्हणून २^३१ ने भागायचा मोह टाळा. आयबीएमच्या रँडू यंत्राने तेच केले होते, गुणक ६५५३९ घेऊन. त्याच्या लागोपाठच्या तीन-तीन संख्या बिंदू म्हणून मांडल्या तर सगळ्या १५ प्रतलांवर गोळा होतात. दोष मुख्यतः गुणकाचा, पण भाजक दोनाचा घात असला की खालच्या बिटांचे चक्र आखूड पडते, ते गुणक बदलूनही टळत नाही.

वर्गमूळ, एका ओळीत

म ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते. अशा मूळ संख्येत, एखादी बाकी वर्ग असेल तर तिचे वर्गमूळ म्हणजे तिचा (म + १) ÷ ४ वा घात. इथे तो घात २^२९, म्हणजे फक्त २९ वेळा वर्ग करायचा. २ वर करून पाहा, ६५५३६ मिळेल. ल्युका–लेहमरमध्ये शेवटून दुसरी आलेली तीच संख्या. मिळालेल्या उत्तराचा वर्ग करून नेहमी ताळा घ्या. मुळात ती बाकी वर्गच नसेल, तर ही रीत तिच्या उणे रूपाचे वर्गमूळ देते आणि प्रोग्रॅम काही तक्रार करत नाही.

जिथे ही संख्या वापरू नये

गुप्त संदेशांसाठी म कुचकामी आहे. ती लहान आहे हे एक कारण, पण खरे कारण म − १ चे अवयव. «७ चा कितवा घात घेतला की ही बाकी येते» या प्रश्नाच्या अवघडपणावर डिफी–हेलमनसारख्या, गुप्त किल्ली ठरवण्याच्या पद्धती उभ्या असतात. पोलिग–हेलमन रीतीने तो प्रश्न २, ९, ७, ११, ३१, १५१, ३३१ अशा तुकड्यांत वाटता येतो. सर्वांत मोठ्या तुकड्यासाठी ३३१ पर्याय, आणि थोडे शहाणपण वापरले तर विसेक पावले. हे कागदावरही जमेल. त्या कामाला सहसा (म − १) ÷ २ हीदेखील मूळ असेल अशी संख्या घेतात. इथे ती २^३० − १ आहे, म्हणजे पहिल्या नजरेतच फुटणारी.

परिपूर्ण संख्या, आणि दुहेरी घात

२^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या; तिचे स्वतःहून लहान भाजक मिळवले की तीच येते. ताळा सोपा आहे: सगळ्या भाजकांची बेरीज (२^३१ − १) × (म + १), म्हणजे म × २^३१, बरोबर दुप्पट.

३१ हीदेखील २^५ − १ असल्याने म ही दुहेरी मर्सेन संख्या ठरते. अशा मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत: ७, १२७, म आणि २^१२७ − १. मग २^म − १ ही पाचवी असेल का? तिचे अंक ६४ कोटींहून जास्त. ल्युका–लेहमर करायला बसू नका, पायरी २ ची चाळणी पुरते. तिचा भाजक २ × म × काहीतरी + १ या रूपाचा हवा, आणि काहीतरी = ६८७४५ घेतल्यावर २९५२५७५२६६२६०३१ मिळते. ती भागते का हे पाहायला २ चा म वा घात या संख्येच्या बाकीत काढा. म चे ३१ ही बिट १ आहेत, त्यामुळे ३० वेळा वर्ग आणि दुप्पट एवढेच काम. शेवटी १ यायला हवा, आणि येतो. म्हणजे २^म − १ संयुक्त. फक्त इथले वर्ग २९ अंकी होतात, म्हणून आतापर्यंत पुरलेले ६४ बिट या एका पायरीला अपुरे पडतील.